दाजी आणि रजईचं माप

साक्षात परमेश्वर समोर उभा राहिला, तरी आमचे दाजी आधी त्याच्या पाठीमागं जाऊन बघतील, की बरोबर आणखी कोण आलंय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुंडलिकनगरातल्या आपल्या घराला कुलूप लावलं की ते त्याला लोंबकळून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येऊन पुन्हा लोंबकळतात. एसटीवर 'कन्नड' अशी ठळक पाटी असली, तरी आधी ड्रायव्हरला, मग कंडक्टरला आणि शेवटी आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारतात, "ही कन्नडलाच जाती ना?" पाटीचं काय, ती कुणीबी लावतंय, असं त्यांचं म्हणणं. घरी लग्नपत्रिका आली, की आपल्याला बोलावण्यामागं हेतू काय असावा, या विचारात त्यांचा चहा निवून जातो.

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीला कन्नडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, भाचीला पसंत, ताईला पसंत. वर मुलाच्या आईनं निरोप धाडला, की आम्हाला मुलीशिवाय काही नको. झालं! दाजींचा होकार तिथंच अडला. "काहीच नको म्हणतेत. माणसाला काहीच नको असतंय व्हय? डाळीत काळं हाय." भाचीनं बोलणं सोडलं, ताईनं देव पाण्यात ठेवले. शेवटी ते घर आतून बघायची युक्ती दाजींनीच काढली. रजई तरी आमच्याकडून घ्या म्हणावं, आणि त्यासाठी पलंगाचं माप घ्यायला जावं! तयार रजई त्यांना चालणार नव्हतीच. दुकानात पिशवीवर 'डबल' लिहिलेलं बघून त्यांनी विचारलं, "कुणाच्या पलंगाच्या डबल?" दुकानदारानं मुकाट्यानं ती फळीवर परत ठेवली.

खिशात सुतळी घेऊन दाजी, आणि साक्षीला मी, असे आम्ही कन्नडला गेलो. दाजींनी पलंगाला उभी-आडवी सुतळी लावून गाठी मारल्या. मला सुतळीला हातही लावू दिला नाही. मग लाकडाला कीड आहे का बघायला म्हणून ते चक्क पलंगाखाली शिरले. मुलाची आई दारातून हे सगळं बघत होती. दाजी जळमटं झटकत बाहेर आले तेव्हा ती म्हणाली, "पलंग मोजला, बरं केलं. पर भाऊ, पोरगी झोपती कशी? पाय लांब करून का?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. या प्रश्नातही काही डाव आहे का, हे ते चाचपत होते. मग हळूच म्हणाले, "मुटकुळं करून झोपती."

"थंडी लई वाजती का तिला?"

"नाय. आमची रजई आखूड हाय. रजईवाला उगाच कापड वाढवतोय असं मला वाटलं, म्हणून मीच वीतभर कमी करायला लावली होती. पोरगी वाढली, रजई तेवढीच राह्यली."

एरवी मी हसलो असतो. पण भाचीचे पोटाशी घेतलेले पाय डोळ्यांपुढं आले आणि मला वाईट वाटलं. त्या बाईंनी दाजींच्या हातातून सुतळी घेतली, लांबीची गाठ सोडली आणि चांगली पुढं सरकवून मारली. "हितं घाटाचा गारठा लई. पाय लांब करू द्या तिला." दाजींनी ती गाठ पुन्हा मोजली नाही. चहा न हुंगता प्याले आणि होकार देऊनच उठले.

छावणीतले रजईवाले चाचा दाजींना चांगले ओळखून होते. "रुई आपके सामनेच भरता, सुतली भी आपकीच, और क्या होना?" अशी त्यांनी आधीच शरणागती पत्करली. दाजी म्हणाले, "गाठ से वीतभर ज्यादाच पकडो." तेव्हा चाचांनीच संशयानं ती सुतळी उलटसुलट करून बघितली.

लग्न झालं. दिवाळसणाला भाची पुढं आली, जावई मागून यायचे होते. मीही भाऊबिजेसाठी तिथंच होतो. सकाळी दाजी तिच्या खोलीच्या दारात नुसतेच उभे दिसले. आत ती त्याच जुन्या रजईत गाढ झोपली होती. पाय सरळ लांब केलेले, आणि घोट्यांपासून उघडे.

"बघितलंस?" दाजी मला म्हणाले.

मग अंगावरची शाल काढून त्यांनी तिच्या पायांवर घातली आणि पुरते का, ते दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं. शाल पुरत होती. तरी ते बराच वेळ तिथंच उभे होते.