चाळीस, पंचेचाळीस, चाळीस

तमाम रत्नागिरीकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दिवसाची सर्वांत मोठी बातमी लघवीची असे. ती जाहीर करण्याचा मान मावशींचा.

मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आया. भाट्ये गावच्या, कोळ्याघरच्या. तासातासाला रुग्णाची पिशवी मापाच्या भांड्यात ओतायच्या, भांडं खिडकीच्या उजेडात धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि निकाल लावायच्या, “ऐंशी. पास.” एकदा एका आंबा बागायतदाराला त्यांनी जावयादेखत सुनावलं, “वीस. नापास. एवढ्यानं एक कलम तरी भिजेल काय, काकानू?”

मी तिथे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. शिवाय रुग्णालयात कुठलाही समारंभ असला की माईक माझ्याच हातात.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नाटे बंदराकडचा एक तिशीतला खलाशी न्यूमोनिया होऊन आला. फाइलवर लाल शाईत ‘एचआयव्ही’ लिहिलेलं. ते वाचल्यापासून आम्हा सगळ्यांना इतर खाटांकडे फार कामं निघू लागली. स्पर्शानं हा आजार होत नाही, हे परीक्षेत लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. माझ्या हातांना मात्र ते पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी दुपारी येणार होत्या, म्हणून सकाळचं माप माझ्याकडे. मी पडद्याबाहेर उभा राहूनच तक्ता भरला. चाळीस, पंचेचाळीस, चाळीस. मधला आकडा खरं वाटावं म्हणून बदलला. शेवटी कलाकार माणूस.

खलाशी सारखा तळमळत होता. नळ्या ओढत होता, बोट सुटेल, जाऊ द्या, म्हणत होता. रक्तदाब हळूहळू उतरत होता, पण तक्त्यावर लघवी झकास, म्हणून डॉक्टरही निर्धास्त. तळमळीला आम्ही त्याचा स्वभाव म्हणून मोकळे झालो.

मावशी आल्या, हातमोजे चढवून थेट पडद्याआड गेल्या. पिशवी उचलली. तक्ता पाहिला. मग मला पाहिलं. आणि कधी नव्हे इतक्या हळू म्हणाल्या, “मेल्या, पिशवी कोरडी हाय. पायपण गार पडलेत.”

डॉक्टर धावत आले. जंतूंचं विष रक्तात भिनलं की रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडं सगळ्यांच्या आधी संपावर जातात. ती तळमळही त्यातलीच. मेंदूला रक्त पुरत नव्हतं. सलाईन धो धो सुरू झालं, प्रतिजैविक बदललं, रक्तदाब उचलून धरणारं औषध मानेतल्या शिरेतून गेलं. तेवढ्यात डॉक्टरांनी तक्ता नाचवत विचारलं, हे आकडे कोणाचे? मी सलाईनच्या बाटलीकडे वळलो.

“मीच सांगितले ह्याला, अंदाजानं. मला कुठं वाचता येतं?” मावशी म्हणाल्या.

आयुष्यभर मिलिलिटर वाचणारी बाई! पण आया म्हणजे अडाणी, हे डॉक्टरांनी आधीच धरलेलं, त्यामुळे त्यांना ते पटलं. चौकशी तिथेच राहिली.

पुढचे दोन तास मावशी नळीवर नजर लावून उभ्या होत्या. मधूनच बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला काय चाललंय ते सांगून यायच्या. बाकी कुणी तिच्याशी बोललंच नव्हतं. मी नुसत्या येरझारा घालत होतो. माणूस गेला असता तर माझ्या चाळीस-पंचेचाळीसनं गेला असता. चारच्या सुमारास नळीत एक पिवळा थेंब लोंबला. मग दुसरा.

“दहा,” मावशी म्हणाल्या. पास की नापास, ते काही बोलल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी खलाशी बायकोचा हात धरून चालत घरी गेला. मावशींनी तो विषय माझ्यापाशी पुन्हा कधीच काढला नाही. माझ्या हाती तक्ता दिसला की नुसत्या एकदा बघायच्या.

पुढच्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांना व्यासपीठावर खुर्ची दिली होती. बाई सारख्या उठायला बघत होत्या. डॉक्टर भाषणात म्हणाले, अक्षरओळख नसतानाही या माउलीनं एक जीव वाचवला. टाळ्या झाल्या. मावशी मान खाली घालून हसल्या. पत्रिकेत पुढे माझं आभारप्रदर्शन होतं. पाठ करून आलो होतो. माईक हातात घेतला आणि तोंडून भलतंच निघून गेलं,

“त्यांना वाचता येतं हो, डॉक्टर. त्या दिवशीचे खोटे आकडे मी लिहिले होते.”