नलूच्या अंगावरचे डाग

सिंदीची नलू तोंडाची फटकळ. हिंगणीला सून होऊन आली तरी ते तोंड काही मिटलं नाही. सासू मनकर्णाबाई म्हणत, "देवानं हिच्या जिभेले हाड नाई देल्लं, मिरची देल्ली."

अठ्ठ्याहत्तर सालचा पोळा झाला आणि या नलूच्या अंगावर निळेकाळे डाग उमटू लागले. कुठे पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती. दात घासताना थुंकीत रक्त येई. पाचवा महिना लागलेला, पहिलंच पोट. चंद्रभान बायकोला मारतो, अशी कुजबुज गावात सुरू झाली. कोंबडीवरही हात न उगारणारा तो बिचारा नवरा मान खाली घालून पारावरून जाऊ लागला.

मनकर्णाबाईंनी सिंदीला तोंडी निरोप धाडला, "पोरीच्या अंगावरच्या डागाचं पाहा, लवकर येजा."

डाग म्हणजे दागिनाही. लग्नात कबूल केलेली पोत राहून गेली होती. नलूचे वडील लक्ष्मणराव ती घडवून, रुमालात बांधून हजर झाले.

"घ्या विहीणबाई, डाग आणला."

"अजी, हा डाग नाई, तो डाग!" मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला आणि नलूची बाही वर सारली. निळाकाळा दंड पाहून लक्ष्मणरावांनी पोतीचा रुमाल पुन्हा बांधला.

"बाबा, अंगावर डाग नाई म्हणून वर्षभर बोलणे खाल्ले," नलू म्हणाली. "आता पाहा, नखशिखान्त मढली. ते पोत राहू द्या अन् मले वर्ध्याच्या दवाखान्यात न्या."

"बाहेरचं हाय हे. दवाखान्यात काऊन?" सासू म्हणाली.

"बाहेरचं असन तर डॉक्टरीणबाईलेही दिसन."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. वाहतं रक्त थांबवणारे बारीक कण, ज्यांना प्लेटलेट म्हणतात, ते नलूच्या रक्तात फारच कमी होते. तिचंच शरीर ते मोडून टाकत होतं. गोळ्या सुरू झाल्या. डोकं दुखलं तरी मनाने गोळी घ्यायची नाही, कमरेत सुई टोचून घ्यायची नाही आणि बाळंतपण दवाखान्यातच. रक्त द्यायला घरची माणसं हवीत. "बाळाच्या रक्तातही हे उतरू शकतं," बाई म्हणाल्या. "जन्मल्यावर काही दिवस त्यालाही जपावं लागेल."

गोळ्यांनी नलूचं तोंड सुजलं. पोरगी भरली म्हणून बाया दृष्ट काढू लागल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सिंदीला सुईणही ठरली. नलूने दोन्ही घरी सांगून टाकलं, "माहेरी नाई, सासरी नाई. मी दवाखान्यात बाळंत होईन. ज्याले रक्त द्यायचं त्यानं या. बाकीच्यायनं बारशाले या."

रक्ताचं नाव काढताच दीर आणि भाऊ यांची शेतातली कामं निघाली. चंद्रभान आला, पण त्याचं रक्त जुळेना. जुळलं ते मनकर्णाबाईंचं. खाटेवर आडव्या होत त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "हिनं माह्यं रक्त आधीच आटवलं, उरलं ते तुमी घ्या."

बाळंतपणात नलूचं रक्त पुष्कळ गेलं, पण थांबलं. मुलगी झाली. तिच्या कपाळावर, छातीवर बारीक लाल ठिपके होते. प्लेटलेट भरेपर्यंत हिला चोळायचं नाही आणि टोचायचंही नाही, असं बजावून बाईंनी घरी सोडलं.

बाराव्या दिवशी बारसं. सोनार कान टोचायला तार घेऊन ओट्यावर बसला. मनकर्णाबाई पाळण्यातून पोर उचलायला वाकल्या, तोच नलू आडवी आली.

"कानाले हात नका लावू."

"रिवाज हाय! आपल्या घरात बिनटोचलं पोर कोणाचं राह्यलं का?"

"टोचाचेच असन तर मोठ्यायचे टोचा. डॉक्टरीणबाईचं त्यायलेच ऐकू नाई येत."

बाया पदराआड हसल्या. मनकर्णाबाईंचा चेहरा लालबुंद झाला. ज्या दंडातून रक्त काढलं होतं तो चोळत त्या उभ्या राहिल्या.

"मंग नाव तरी ठेवू देतं का आमाले?"

"ठेवा नं. नावं ठेवाले तुमाले कधी कोणी अडवलं?"

सोनाराने हसू दाबत तार डबीत घातली. नलूने पोरीची कुंची कानांवर ओढून घेतली आणि पाळण्याला पाठ लावून तिथेच बसली. सगळ्या बाया घरी जाईपर्यंत ती काही तिथून हलली नाही.