मीटरवाल्यांची वांगी

एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांच्या मागच्या बाजू पाहिल्या. विजेचे मीटर बहुतेक घरांत मागच्या भिंतीला असत. फाटकाशी उभं राहून ‘मीटर’ अशी एक हाक द्यायची, आत जायचं, काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसायची, आकडा उतरवून घ्यायचा आणि निघायचं. एका घरात फार तर दोन मिनिटं. तेवढ्यात वाळत घातलेले कपडे दिसायचे, भांडणाचा शेवट कानावर पडायचा, कुणाचा कुत्रा म्हातारा झाला ते कळायचं. सगळा भाग त्यांना मीटरवाले म्हणून ओळखायचा, आणि ओळख तेवढीच. कचेरीत त्यांचं नाव ‘झिरो युनिट’ पडलं होतं, कारण जेवणाच्या सुट्टीत सगळे तोंडाला येईल ते बोलत आणि हे डबा खाऊन मोकळे होत. नावाचा त्यांना राग नव्हता. रागवायला तरी दोन शब्द खर्ची घालावे लागले असते.

लग्न झालं होतं. बायको सहा वर्षं राहिली आणि एका सकाळी बॅग भरून बहिणीकडे गेली, ती परत आलीच नाही. भांडण नाही, तंटा नाही. जाताना एवढंच म्हणाली, "या घरात मी रेडिओशी बोलायला लागले आहे." त्यांनी तिची बॅग बसपर्यंत उचलून नेली. त्यालाही आता बावीस वर्षं झाली होती.

पुढे आकडे आपणहून कचेरीत पाठवणारे मीटर आले, आणि फेब्रुवारीच्या अखेरीला ते निवृत्त झाले. पहिला आठवडा झोपण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दूधवाल्यानं काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. खाकरून, घसा साफ करून मग "अर्धा लिटर" एवढं निघालं. दार लावल्यावर त्यांनी हिशोब केला, तर शेवटचं बोलून तीन दिवस झाले होते. त्या दिवशी ते जरा घाबरले.

त्यांच्या खोल्या तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी मातीची पट्टी होती. तिथे फुटकी बादली, जुना पंखा आणि एक मोडकी खुर्ची पडलेली असे. ती पट्टी पाहताना त्यांना नर्सबाईंचं अंगण आठवलं. त्यांच्या फेरीतलं ते एकच अंगण, जिथे ते दोनाऐवजी तीन मिनिटं थांबत. मीटरच्या खाली वांग्यांची रांग असायची, काळीभोर, चकचकीत वांगी. वीस वर्षं दर बारा तारखेला ती वांगी त्यांनी पाहिली होती. नर्सबाई मात्र "झाडं तुडवू नका" याखेरीज कधी काही बोलल्या नव्हत्या.

रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, "आत्ता? काका, उन्हाळा तोंडावर आलाय. पाऊस पडला की या."

"आत्ताच हवीत," ते म्हणाले.

सहा वांगी, चार टोमॅटो, थोडं भेंडीचं बी आणि दुधी भोपळ्याचा एक वेल. चार दिवस खणून त्यांच्या तळहाताला फोड आले. मार्चभर सगळं बरं चाललं. रोपांनी मान वर काढली, भेंडी उगवली, वेलानं खिडकीचा गज धरला. एप्रिल लागला आणि ऊन पेटलं. पट्टीमागची भिंत पश्चिमेची. दुपारभर तापून ती संध्याकाळपर्यंत तव्यासारखी धग सोडत बसे. रोपं अकरा वाजताच माना टाकायची. टोमॅटोला फुलं यायची आणि दुसऱ्या दिवशी देठासकट खाली पडायची. ते भर दुपारी बादलीनं पाणी घालायचे, आणि जितकं पाणी घालावं तितकी रोपं मलूल व्हायची.

मग किडे आले. भेंडीच्या कोवळ्या पानांखाली हिरवट मावा, त्याच्यामागे मुंग्यांची रांग. वांग्याची पानं तर काहीतरी विचित्रच दिसू लागली, टाचणीनं टोचून टोचून पिवळी केल्यासारखी. रोपवाटिकेतल्या माणसानं औषधाची एक बाटली हातात दिली. घरी येऊन त्यांनी दुपारी दीड वाजता झाडं नखशिखांत फवारली. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा जळून काळ्या पडल्या. तीन वांगी आणि दोन टोमॅटो दोन दिवसांत गेले. उपटलेली रोपं हातात घेऊन ते मोडक्या खुर्चीवर बराच वेळ बसून राहिले. कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं, आणि सांगावंसं मात्र फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नर्सबाईंच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारी काठी. ऐंशीच्या पुढच्या असतील. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "कोण पाहिजे?"

"मी... यायचो इथे. दर महिन्याला."

"मी नाही ओळखलं."

गणवेश नाही, खांद्याला पिशवी नाही, हातात वही नाही. स्वतःची ओळख कशी सांगावी हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी नेहमीसारखी हाक दिली, "मीटर."

बाई हसल्या. "असं सांगा ना. माणसाला चेहराही असतो हे आज कळलं. या आत. पण मीटर आता कुणी बघत नाही म्हणतात."

"मीटर नाही. वांगी विचारायची होती."

मागचं अंगण दाखवायला बाई उठल्या नाहीत, नुसती काठी तिकडे केली. ते डोकावले. सगळीकडे फरशी. मीटरखाली कपडे वाळवायचा स्टँड उभा होता.

"मुलानं घालून घेतली," बाई म्हणाल्या. "मातीत पाय घसरून पडशील म्हणाला. आता फरशीवरून घसरते. तुमच्या पेशंटला काय होतंय?"

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. पानं पिवळी, ठिपके. बाईंनी हात वर करून थांबवलं. "‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगणाऱ्याला मी औषध देत नसे. उद्या पान घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ते जेवणाच्या डब्यात ओल्या कपड्यावर तीन पानं घेऊन गेले. औषधाची बाटली, दुपारचं पाणी, तापणारी भिंत, सगळं त्यांनी सांगितलं. बाईंनी पान हातात घेताच उलटं केलं, शेजारचं भिंग उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. पानाच्या मागे जाळं होतं, श्वासानं हलेल इतकं बारीक. त्यावर लाल ठिपके चालत होते.

"लाल कोळी. कोरड्या उन्हात माजतो. तुम्ही वरून बघत बसलात, तो खालून जेवतोय. औषध बंद करा. तीन दिवसांआड पहाटे साध्या पाण्याची पिचकारी, पानांच्या मागून. मावा दिसला तर साबणाचं पातळ पाणी, तेही ऊन चढायच्या आत. पाणी बुडाशी, सकाळी एकदाच, पण पोटभर. मातीवर वाळक्या पाल्याचा जाड थर घाला. आणि भिंतीच्या बाजूनं चादर बांधा. भिंत भाजते आहे त्यांना."

"टोमॅटो?"

"टोमॅटोचा नाद सोडा. या उन्हात तो फळ धरायचा नाही. त्याची चूक नाही, तुमचीही नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांना रस्ताभर पुरलं.

मग त्यांनी जुन्या दोन चादरी काठ्यांना बांधल्या. कोपऱ्यावरच्या शाळेच्या झाडांखालचा पाला पोत्यात भरून आणला. शिपायानं विचारलं, "काय करणार याचं?" तर चक्क दोन वाक्यांत उत्तर दिलं. पहाटे उठून ते पानं धुऊ लागले, एकेक पान बोटांवर उताणं धरून. आठ दिवसांनी नवं पान आलं, त्यावर ठिपके नव्हते. ते पान डब्यात घेऊन ते नर्सबाईंकडे गेले. बाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताप उतरला. पण झाड बरं असताना पान कशाला तोडलंत?"

त्यानंतर दर सोमवारी सकाळी दहाला ते जाऊ लागले. एक तास. आठवडाभर ते सांगण्यासारख्या गोष्टी जमवत. भेंडीला पहिलं फूल आलं, दुधीची चार फळं माशीचा डंख लागून सडली. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, "पान खाली वळलंय की वर? मातीत बोट घातलंत? कितव्या पेरापर्यंत ओल?" नुसतं ‘बरं आहे’ तिथे चालत नसे. एकतीस वर्षं आकड्यात बोललेल्या माणसाला शब्द शोधावे लागत, आणि ते सापडतही.

मे महिन्यात एका सोमवारी बाईंनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"कोणी नाही." मग त्यांनी बायकोचं सांगितलं. बॅग, बस, रेडिओ. हे आजवर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"का जातेस, विचारलंत?"

"नाही."

बाई काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "मीसुद्धा नाही विचारलं कुणाला. वॉर्डात दिवसाला चाळीस माणसांना विचारायची, कुठे दुखतंय, किती दुखतंय. घरी आल्यावर नवऱ्याला एकदाही नाही. तो गेल्यावर कळलं, त्याची पाठ चार वर्षं दुखत होती." मग म्हणाल्या, "पाणी प्या. ऊन फार आहे."

जूनच्या सुरुवातीला उरलेल्या तीन वांग्यांना कळ्या धरल्या, आणि त्याच आठवड्यात मधल्या झाडाचे दोन शेंडे मलूल होऊन वाकले. बाकी झाड ताठ. सोमवारची वाट न पाहता ते बुधवारीच गेले.

"पोखरणारी अळी," बाई लगेच म्हणाल्या. "शेंडा कापा. वाळलाय तिथे नाही, त्याखाली चार बोटं."

"त्यावर कळ्या आहेत."

"असू देत."

"दोन्ही शेंड्यांवर आहेत."

"मीटरवाले, हात कापू नये म्हणून माणूस घालवलेला मी पाहिला आहे. कापा."

त्यांनी कापला. देठ उभा चिरला तर आत गुलाबीसर अळी आरामात पडली होती. दुसऱ्यातही. ते दोन शेंडे फेकण्याआधी त्यांनी त्यांवरच्या कळ्या मोजल्या. पण झाड वाचलं. पंधरा दिवसांनी त्याला खालून नवे फुटवे आले.

महिना संपता संपता ऊन जरा नरमलं, आणि कडेच्या झाडाला दोन वांगी तयार झाली. नर्सबाईंच्या वांग्यांइतकी मोठी नव्हती. एकाच्या खांद्यावर डाग होता. पण चकाकी तीच. त्या सोमवारी त्यांनी ती देठासकट कापली, धुतली, पुसली, डब्यात ठेवली आणि धुतलेला सदरा घालून निघाले.

फाटकाला कुलूप होतं.

त्यांनी सवयीनं हाक दिली, मग पुन्हा दिली. समोरच्या टपरीतून इस्त्रीवाला बाहेर आला. "बाई नाहीत. गुरुवारी पडल्या न्हाणीघरात. मांडीचं हाड मोडलं. मुलगा आला, गाडीत घालून घेऊन गेला. आता तिकडेच राहणार म्हणे. इतक्या लांब एकटीला कशाला ठेवायचं."

"कुठे?"

"तेवढं काही बोलला नाही. सामान न्यायला येणार आहे महिनाअखेरीला."

ते थोडा वेळ फाटक धरून उभे राहिले. मग टपरीच्या बाकावर बसून त्यांनी कागद मागितला. इस्त्रीवाल्यानं कपडे गुंडाळायचा कागद दिला. काय लिहावं ते सुचायला वेळ लागला. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘कडेच्या झाडाला दोन वांगी निघाली. मधल्याला सात कळ्या. तिसऱ्याची वरची पानं वर वळली आहेत, मागे काही दिसत नाही. काय करू?’ खाली फोन नंबर घातला आणि सही म्हणून ‘मीटर’. कागद इस्त्रीवाल्याकडे दिला. वांगी घरी आणली, भाजी केली आणि उभ्यानं खाल्ली. चव चांगली होती. ते कुणाला सांगायचं हा प्रश्न होताच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला. मुलगा होता. "तुमची चिठ्ठी मिळाली. आईला आता कमी ऐकू येतं, आणि मध्येच विसरते. पण तुमचं विचारत असते. बोलता का?"

मग बाईंचा आवाज आला, बारीक, लांबून. "कोण?"

"मीटर," ते म्हणाले. तिकडून पुन्हा तोच प्रश्न. ते उठून उभे राहिले आणि जन्मात बोलले नव्हते इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मावशी, मी वांगीवाला. तिसऱ्या झाडाची पानं वळतात."

"तहान लागली असेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही जेवलात का?"

"जेवलो. तुमचं कसं आहे? कुठे दुखतंय?"

"रात्री फार," त्या म्हणाल्या. "इथे खिडकी उंच आहे." आणखी काहीतरी बोलल्या, ते नीट ऐकू आलं नाही. मग मुलगा म्हणाला, दमली ती, पुन्हा करू. पुन्हा फोन आला नाही. त्यांनी दोनदा लावला. एकदा कुणी उचलला नाही, एकदा बंद होता. तिसऱ्यांदा लावण्याचा धीर झाला नाही.

नर्सबाईंच्या घरात पुढे नवे भाडेकरू आले. फरशीवर स्कूटर उभी राहू लागली. मीटरवाले आता सदरे इस्त्रीला टाकतात, पूर्वी घरी करायचे. सोमवारी टाकतात आणि सदरा होईपर्यंत बाकावर बसतात. इस्त्रीवाला बोलका आहे, पण झाडांतलं त्याला काही कळत नाही. ते त्याला वांगी नेऊन देतात, तो छान म्हणतो, आणि विषय संपतो. घरी आल्यावर पूर्वीसारखीच शांतता असते. आता मात्र ती त्यांना ऐकू येते.

तिन्ही झाडं पार थंडीपर्यंत फळत राहिली. एक वांगं त्यांनी मुद्दाम झाडावरच सोडलं. ते पिवळं, मग तपकिरी झालं, लाकडासारखं कडक झालं. ते फोडून बी काढलं, धुऊन वर्तमानपत्रावर वाळवलं आणि बशीत माती घालून पेरलं. नऊ रोपं आली. पट्टीत जागा सहांचीच होती. उरलेली तीन त्यांनी डब्यांत लावली आणि रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, सगळ्या नऊंची पानं उलटून पाहू लागले.