शमीम मॅडमचे दोन कारभारी

शमीम मॅडम वर्गात आल्या त्या क्रोशाची सुई चालवतच. नांदेडच्या मेडिकल कॉलेजातला आमचा तो शरीरक्रियाशास्त्राचा पहिला तास. टाके पडत होते, नजर मात्र आमच्यावर. "मी तर तुमच्याशी बोलून राहिले. मग हे विणून कोण राहिलंय?" मॅडम मूळच्या कंधारच्या. खुशीत आल्या की गावची बोली उसळून यायची.

तरुणपणी एका प्रयोगशाळेत त्यांनी माकडांना दांडा ढकलायला, ओढायला, फिरवायला शिकवलं होतं. आधी दिवे लागतील त्या क्रमानं. मग दिवे बंद, क्रम आठवून. बरोबर केलं की माकडाला रस. "उरलेला मी प्यायचे," मॅडम सांगत. "दिवा बघून करताना मेंदूत एका भागातल्या पेशी जास्त बोलतात, आठवून करताना दुसऱ्या. कारभारी दोन हायेत, पोरांनो!"

निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मी तेव्हा लातूरला नोकरीत होते. रजा काढून भेटायला गेले. हातात ताकद होती, बोलणंही परतलं होतं. पण चहाचं पातेलं धरून त्या ओट्यापाशी नुसत्या उभ्या. "पुढचं काय ते येऊनच नाही राहिलं गं." डोळे भरलेले. त्यांचे पती रशीदचाचा दारात रडवेले.

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "पाणी." हात नळाकडे गेला. "गॅस." पेटला. "पत्ती." पडली. मॅडम खदखदून हसल्या. "या अल्लाह! आठवणीचा कारभारी झोपलाय, इशाऱ्यावर चालणारा जागाच हाय! अहो, बघून राहिलात ना? मी माकड झाले!"

मग रशीदचाचांनी रोज सकाळी ओट्याजवळ उभं राहून पुकारा सुरू केला. एकदा ते घाईत पाण्याआधीच "पत्ती" म्हणाले. मॅडमनी मुकाट्यानं कोरड्या पातेल्यात पत्ती टाकली आणि मग चाचांना लई झापलं. हळूहळू पुकारा कमी लागू लागला.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा चाचा ओरडले, "साखर!"

"गप बसा हो. कवाच पडली."

चाचा हिरमुसून माझ्याशेजारी येऊन बसले. "आता माझं काय काम?"

मॅडमनी वाफाळता कप त्यांच्या हातात दिला. "प्यायचं."