गाठोडेमास्तरांची सॅक

माझ्या सासऱ्यांना डोंगरावर जाणारी सगळी मंडळी गाठोडेमास्तर म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता, नव्या सुनेला येतो तसा उसना राग. बाबाच हसून म्हणाले, "अगं, शाळेत कधी धड पास झालो नाही. आता मास्तर म्हणतायत, तर म्हणू दे की!"

आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात तंबू, दोर, बूट, लोकरीचे कपडे भाड्यानं मिळतात आणि हिवाळाभर तिथे ओल्या लोकरीचा असा वास कोंडतो की वर माझ्या चहालाही तो लागतो. पण हिवाळ्यात लोक खरे येतात ते बाबांकडून सॅक भरून घ्यायला. बाबा डोळे मिटून सॅक भरतात. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा उगाच भाव खातोय. तसं नाही. "वर हिमाचं वादळ सुटलं की डोळे फाडून तरी काय दिसणार आहे, कपाळ? वस्तू हाताला सापडली पाहिजे," असं ते प्रत्येकाला सुनावतात. जाड हातमोजे उजव्या खिशात, टॉर्च डाव्या खिशात, सगळ्यांच्या सॅकमध्ये तेच. म्हणजे आपली सॅक गेली तरी सोबत्याच्या सॅकमध्ये हात बरोबर जातो.

आणि एकदा बांधलेली सॅक पहिल्या मुक्कामापर्यंत कुणी उघडायची नाही. घरी कुणी मध्येच हात घातला आणि एक वस्तू इकडची तिकडे झाली, की वर नेमक्या वेळी माणूस चाचपडत बसतो. या नियमापायी बाबांनी भल्याभल्यांना फैलावर घेतलं आहे.

माझा नवरा वर माणसं घेऊन जातो. एका हिवाळ्यात वाऱ्यानं त्याचे हातमोजे उडवून नेले. पापण्यांवर बर्फ धरलेलं, पुढचं काही दिसेना. त्याचा हात मागे गेला तो थेट दुसऱ्या जोडीवरच पडला. त्याची सगळी बोटं शाबूत घरी आली ती बाबांमुळे. तेव्हापासून बाबांच्या सॅकवर त्याचा जेवढा विश्वास आहे, तेवढा माझ्यावरही नाही. हे मी रुसून सांगत नाही, मलाही ते पटतं.

पण गेल्या काही महिन्यांपासून बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. खाली जाऊन शटर उघडायचे, वर येऊन बसायचे आणि "अरेच्चा, शटर राहिलं" म्हणत पुन्हा खाली निघायचे. पाण्याची किटली कोरडी पडून करपेपर्यंत तापत राहायची. एकदा मला "ताई" म्हणाले. पाठोपाठ विचारलं, "आई कुठे गेली?"

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "थट्टा करत असतील. तुला त्यांची थट्टा कळत नाही."

इतकी वर्षं या घरात काढली आणि मला म्हणे थट्टा कळत नाही! ओठांवर आलेलं सगळं गिळलं. खरं सांगायचं तर माझं म्हणणं खोटं ठरलं असतं तर मलाच सगळ्यात जास्त आनंद झाला असता.

परवा सकाळी नवरा निघायच्या तयारीत होता. वर सात-आठ जणांना न्यायचं होतं, आणि यंदाची थंडी नुसती हाडात शिरणारी. बाबांनी आदल्या दिवशी त्याची सॅक भरून दाराशी ठेवली होती. मी केर काढायला घेतला, तर ते जिथे बसून सॅक भरतात त्या सतरंजीवर बारीक पांढरी पिसं. केरसुणी पुढे नेली की ती उडायची आणि मागे येऊन बसायची. आमच्या घरात उशा कापसाच्या आहेत. पिसं भरलेली वस्तू एकच, नवऱ्याचं थंडीचं जॅकेट.

तेवढ्यात तो बूट घालून आला आणि त्यानं एका हातानं सॅक उचलली.

"बघ, बघ! यंदा बाबांनी वजन किती कमी केलंय. याला म्हणतात हात!"

मी केरसुणी खाली ठेवली. हिवाळ्याची सॅक मी जिन्यावरून ओढत खाली नेलेली आहे. ती एका हातानं उचलली जात नाही.

"अरे, उघडून बघ एकदा."

"डोकं फिरलंय का तुझं? बाबा खाली आहेत."

"म्हणूनच म्हणते. ही पिसं बघ."

"जुनं जॅकेट आहे. गळतं कधीकधी."

"आणि वजन?"

त्यानं पट्टा खांद्यावर चढवला आणि माझी नजर चुकवून दाराकडे वळला. तेव्हा मला कळलं की यालाही सगळं माहीत आहे, फक्त बघायचं नाही. मी दारात आडवी उभी राहिले.

"तुला त्यांचं मन मोडवत नाही, ते मला कळतं. पण तू वर गारठून मेलास तर त्यांना सांगायचं कुणी? मीच ना? आणि मला रोज सांगावं लागेल. रोज नव्यानं. कारण ते रोज विसरतील."

त्याचा चेहरा पडला. आणि मला मागे जिन्यात पाऊल वाजलेलं ऐकू आलं.

बाबा वर येत होते. किती ऐकलं कुणास ठाऊक. त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि मुलाला म्हणाले, "ठेव खाली. उघड."

नवऱ्यानं सॅक खाली ठेवली, पण बंदाला हात लावेना. शेवटी बाबांनीच गाठी सोडल्या. डोळे मिटून उजव्या खिशात हात घातला. बाहेर आले सुती हातमोजे, उन्हाळ्यातले. मग पातळ रेनकोट, उन्हाची टोपी, अर्ध्या बाह्यांचे सदरे. सगळं कसं सुबक घड्या घालून लावलेलं! उन्हाळी सहलीला इतकी छान सॅक कुणी भरली नसती. तळाला पिसांचं जॅकेट होतं आणि त्यात बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे गुंडाळलेले. जॅकेटच्या चिंध्या झाल्या होत्या.

बाबा भडकले. "हे कुणी केलं? कुठल्या गाढवानं काटे जॅकेटमध्ये..."

आणि मध्येच थांबले. खोलीत पिसं उडत होती. आम्हा दोघांपैकी कुणीच त्यांच्याकडे बघू शकलं नाही.

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. नवरा खाली पळाला आणि दुकानातून हिवाळ्याचं सामान, दुसरं जॅकेट, सगळं कवेत भरून घेऊन आला. सतरंजीवर ढीग घालून म्हणाला, "बाबा, तुम्हीच भरा परत. मी थांबतो. गाडी थांबेल."

त्याचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. बाबा मांडी घालून बसले. रिकामी सॅक गुडघ्यांमध्ये धरली, डोळे मिटले. हात ढिगावर गेला. स्टोव्ह उचलला, ठेवला. मोजे उचलले, ठेवले. पुन्हा स्टोव्ह उचलला. मग त्यांनी डोळे उघडले आणि मुलाकडे बघितलं.

"आधी काय जातं रे?"

मला उत्तर येत होतं. पण प्रश्न मला नव्हता. नवरा बूट न काढताच त्यांच्या समोर सतरंजीवर बसला.

"स्लीपिंग बॅग, बाबा. सगळ्यात खाली."

"असं होय?" बाबा म्हणाले. "बरं झालं सांगितलंस."