बोटभर उरलेला रॉड

विमानदुरुस्तीच्या वर्कशॉपमधले लोक वेल्डरला 'चिंगूस' म्हणायचे, आणि काय खोटं म्हणायचे? सांध्यात वितळवायचा फिलर रॉड झिजत झिजत बोटभर उरला तरी हा फेकायचा नाही. पत्र्याच्या डब्यात टाकायचा, मग नव्या रॉडच्या टोकाला चिकटवून वापरायचा. याचा मेव्हणा वैमानिक, तो तर हसून बेजार व्हायचा. "दाजी, तुकडा टाकताना जीव जातो का हो तुमचा?"

विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा. त्या गॅसनं जोडताना रॉड मऊ लोखंडाचाच हवा, हे वेल्डरला झोपेतही ठाऊक. नवशिक्याला वाटतं, नळीच्याच जातीचा कडक रॉड बरा. पण तो सांधा थंड होताना ठिसूळ होतो, हादरा बसला की तडकतो. मऊ सांधा जरा वाकतो, पण धरून राहतो.

मेव्हण्याच्या विमानाची शेपटी यानंच जोडली होती. ते विमान डोंगरात कोसळलं, जळून खाक झालं. मेव्हणा गेला. कारण कुणालाच सापडलं नाही. आठवड्यानं यानं तुकड्यांचा डबा ओतला, एकेक तुकडा कानशीनं घासून पाहिला, आणि पायाखालची जमीनच सरकली. दुसऱ्या कामाचे कडक तुकडे त्यात मिसळले होते. नुसत्या जळक्या टोकांवरून ओळखणार कोण? शेपटीत त्यातला एखादा गेला असेल. नसेलही. देव जाणे.

तेव्हापासून नऊ वर्षं, रॉड हातात घेतला की कानाशी तोच आवाज: जीव जातो का हो? डोक्यावरून विमान गेलं की हा ज्योत विझवून उभा राहायचा, घरघर पार विरेपर्यंत.

एका दुपारी बायको रोजच्यासारखी जेवण घेऊन वर्कशॉपात आली. "अहो, ऐकलंत का? माझी भाची, भावाची लेक, विमान चालवायला शिकणार. म्हणते, माझ्या विमानाला हात लावतील तर काकाच."

याच्या हातातला रॉड गळून पडला. मग मात्र सगळं भडाभडा बोलून गेला. "मीच मारलं असेन गं त्याला. कळायला मार्गच नाही."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"तो गेला आणि तुम्ही तुकडे जोडणं सोडलंत. वीतवीतभर रॉड कचऱ्यात! तुमच्यासारखा माणूस! मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. नऊ वर्षं." तिला हुंदका आवरेना. "भाऊ माझा होता हो. मला एकटीला रडायला लावलंत."