ओली सहाण

सहाण ओली दिसली. बाळाची गुटी देऊन झाली का अजून उगाळायचीय, काही केल्या आठवेना. गुटीतलं वेखंड दोनदा पोटात गेलं तर एवढंसं पोर ओकून ओकून अर्धं व्हायचं.

"आत्याबाई, मी गुटी दिली का हो?"

"मला काय विचारतेस? डोकं कुठं असतं तुझं? बदाम भिजवून खा म्हटलं तर ऐकत नाहीस!"

अहो, बदाम भिजवायचे हे तरी ध्यानात राहायला नको का? मोबाईलमधली बाई सांगते, बुद्धी तल्लख करायला कोडी सोडवा, निवांत झोपा. आमच्याकडं झोप हेच कोडं आहे. पोराच्या बुद्धीसाठी वेखंड, बदाम, सगळं उगाळायचं. आईच्या बुद्धीला नुसती बोलणी.

रडूच यायला लागलं. बाळाला उचललं, तर त्यानं माझ्या तोंडावर मोठी जांभई दिली. वेखंडाचा उग्र वास आला.

दिली होती बाई. मीच दिली होती.

सहाण धुतली आणि फळीवर पालथी घातली. आता रोज असंच. गुटी दिली की सहाण पालथी. माझ्या डोक्याला जमत नाही, तर ते सहाणेनं लक्षात ठेवावं.